शीनिगे प्लाटे : एडलवाइसच्या पलीकडची अल्पाइन बाग

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला उतरलेला मराठी गट बहुधा दोन गोष्टी करतो. एक म्हणजे युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरच्या स्टेशनात जाऊन बर्फ तुडवणं, दुसरी कसिनोच्या बागेत यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी फोटो काढणं. दोन्ही जरूर करा. पण जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल आणि हाताशी एक मोकळा दिवस असेल, तर तो शीनिगे प्लाटे या डोंगरावरच्या ठिकाणाला द्या. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं तिथून समोरासमोर दिसतात, आणि पायाशी १९२९ साली उघडलेली अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरावरच्या, वनस्पतींची बाग आहे.

जाण्याची तऱ्हा अशी. इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनाहून लाउटरब्रुनेन किंवा ग्रिंडेलवाल्डकडे जाणारी गाडी पकडायची आणि पहिल्याच स्टेशनावर, विल्डर्सविलला, उतरायचं. तिथे दातेरी रुळांची छोटी गाडी उभी असते. ही लाइन १८९३ सालची. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या आणि सायकलवाला मागे टाकेल असा वेग. सात किलोमीटरच्या आसपास अंतराला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी जवळजवळ १,४०० मीटर चढते. आधी झाडीतून खाली थून आणि ब्रिएन्झ ही दोन सरोवरं दिसतात. वर पोचता पोचता एक बोगदा लागतो आणि तो संपला की समोर हिमशिखरांची भिंत. डब्यातले सगळे एकदम एकाच बाजूला धावतात, आपणही धावायचं.

बाग स्टेशनाला लागूनच आहे, साधारण २,००० मीटरवर. जाताना मनातलं बागेचं चित्र मात्र खाली ठेवून जा. ताटवे, कारंजी, हिरवळ असं काही नाही. उताराचाच एक तुकडा कुंपण घालून राखलाय आणि त्यातून दगडी पायवाटा फिरवल्यात. साडेसहाशेहून अधिक जातींची झाडं आहेत, पण ती रंगानुसार किंवा कुळानुसार लावलेली नाहीत. डोंगरात जी झाडं शेजारी राहतात ती इथेही शेजारी आहेत: घसाऱ्यातली (सुट्या दगडांच्या उतारावरची) घसाऱ्यात, कड्यावरची कड्यावर, उशिरापर्यंत बर्फ साचतो त्या खळग्यातली खळग्यात. सगळी गंमत यातच आहे आणि ती कळली नाही तर पंधरा मिनिटांत बाग 'बघून' होते. आमच्यासमोर एक अख्खा गट आल्प्सचं ते प्रसिद्ध पांढरं फूल, एडलवाइस, कुठंय एवढं विचारून, फोटो काढून कॉफीला गेला.

एडलवाइस आहेच. जुलै-ऑगस्टमध्ये फुललेलं मिळतं. पांढऱ्या लोकरीसारख्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, केसाळ पानं आहेत. खरी फुलं मधल्या पिवळट गोंड्यांत असतात. ती लव कडक ऊन आणि कोरडा वारा यांपासून झाडाला सांभाळते. पण खरं सांगायचं तर बागेतलं हे सगळ्यात कमी देखणं फूल असावं. नाव मोठं एवढंच.

मला खिळवून ठेवलं ते जोड्यांनी. अल्पाइन गुलाब म्हणतात ते खरं म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, हिमालयात ट्रेक केलेल्यांना ओळखीच्या बुरांशाचं बुटकं भावंड. त्याच्या दोन जाती इथे आहेत. एकीच्या पानाची खालची बाजू गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची, दुसरीच्या पानाच्या कडेला बारीक केस. पहिलीला आम्लधर्मी माती लागते, दुसरीला चुनखडी. निळ्याभोर, कर्ण्यासारख्या जेन्शनचंही तेच: आम्ल मातीतल्या फुलाच्या घशात हिरवे ठिपके असतात, चुनखडीवरच्या फुलात ते जवळजवळ नसतात. म्हणजे पान उलटून किंवा फुलात डोकावून खाली कसली जमीन आहे ते सांगता येतं. डोंगर मुख्यतः चुनखडीचा असूनही दोन्ही प्रकार इथे नांदतात, कारण जिथे माती जाड साचते तिथला चुना पाणी धुऊन नेतं आणि वरचा थर आम्ल होतो.

या चुन्याची एक जुनी गोष्ट बागेच्या शेजारच्याच कुरणात घडली आहे. १९३० च्या दशकात वेर्नर ल्यूडी या वनस्पतिशास्त्रज्ञाने इथल्या आम्ल गवताळ जमिनीचे चौकोन आखून काहींना चुना, काहींना खत घातलं. काही वर्षांनी ते घालणं थांबलं. सुमारे सत्तर वर्षांनी नव्या संशोधकांनी तेच चौकोन तपासले तेव्हा चुना घातलेल्या जमिनीतली माती आणि तिच्यावरची झाडं अजून वेगळीच होती! थंडीमुळे इतक्या उंचीवर सगळंच सावकाश चालतं. 'पायवाट सोडू नका' ही पाटी मग नुसती शिस्तीची वाटत नाही.

सासूबाई सातारच्या. त्या घसाऱ्याच्या भागापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "कासला तरी काय वेगळं असतं गं? खाली कातळ, वर वीतभर माती, आणि फुलायला मोजके दिवस." बरोबरच होतं. फरक इतकाच की कासच्या फुलांना पावसाने घाई केलेली असते, इथल्यांना बर्फाने. खळग्यातल्या झाडांना वर्षाकाठी दोन-तीन महिने मिळतात. घसाऱ्यातली लिनारिया बघाच: जांभळं फूल, ओठांवर नारिंगी ठिपका, आणि दगड सरकले तरी तग धरणारी लांब मुळं. बुटका विलोही शोधा. हे खरंखुरं लाकडी झाड आहे, पण जमिनीवर पसरतं आणि घोट्याच्याही वर येत नाही. गडद रंगाचं एक छोटं ऑर्किड गवतात असतं, वाकून वास घ्या, व्हॅनिला-चॉकलेटचा येतो. मुलं यावर खूष होतात.

हात लावण्याबाबत मात्र जपून. निळ्या टोपीसारख्या फुलांचं अ‍ॅकोनाइट बचनागाच्याच गोतातलं आहे, अत्यंत विषारी. पिवळ्या जेन्शनच्या मुळापासून इथे दारू करतात, आणि फुलं नसताना त्याच्यासारखंच दिसणारं व्हेराट्रम विषारी आहे. पिवळ्या जेन्शनची पानं समोरासमोर येतात, व्हेराट्रमची एकाआड एक. खुडायचं तर काहीच नाही, बागेत नाही आणि बाहेरही नाही.

आता कामाचं. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि नेमकी तेव्हा ही गाडी बंद असते. वर बर्फ असतो. हंगाम जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. बर्फातून डोकं काढणारं सोल्डानेला हवं असेल तर अगदी सुरुवातीला जा, रंगांची गर्दी हवी असेल तर जुलैत. मे महिन्यातच जाणं भाग असेल तर बर्नची वनस्पती बाग बघा. मुख्य स्टेशनापासून चालत, लोरेन पुलाजवळ, आरे नदीच्या उतारावर आहे. प्रवेश मोफत आणि अल्पाइन वाफे तिथेही आहेत. डोंगर नाही, पण फुलं लवकर येतात.

निघण्यापूर्वी वरचा वेबकॅम बघा. खाली ऊन असताना वर दाट ढग असू शकतात, आणि दुपारकडे ते जमतातच, म्हणून सकाळची गाडी. तुमच्या रेल्वे पासवर हा प्रवास पूर्ण येतो, अर्धा येतो की येतच नाही, हे खिडकीवर विचारूनच तिकीट काढा. जुलैतही स्वेटर आणि वाराबंद जाकीट हवंच, शिवाय टोपी आणि सनस्क्रीन. चपला नकोत. गुडघेदुखी असणाऱ्यांना बागेतले चढउतार सावकाश जमतात, सासूबाईंना काठी घेऊन जमले. व्हीलचेअरला मात्र अवघड आहे.

वर हॉटेल आहे. ऱ्योस्टी, म्हणजे किसून परतलेला बटाटा, शाकाहारी मंडळींना चालतो, पण त्यात बेकन घालतात, तेव्हा 'ओने श्पेक', म्हणजे बेकनशिवाय, असं बजावून मागवा. स्वस्तात हवं तर ओस्ट स्टेशनासमोरच्या कूप या सुपरमार्केटमधून पाव-चीज घ्या. आम्ही थेपले नेले होते.

बाग झाल्यावर २,०७६ मीटरच्या डाउबे टोकापर्यंत जाऊन या. आत पाट्यांवर वाचलेली झाडं बाहेर बिनपाटीची ओळखता येतात का, हा खेळ तासभर पुरतो. फाउलहॉर्न शिखरामार्गे ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या फिर्स्टपर्यंतची वाट सहा तासांची आहे, ती सवय असणाऱ्यांनीच आणि सकाळीच धरावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र वर पोचल्या पोचल्या बघून ठेवा. ती लवकर असते, आणि चुकली तर ते चौदाशे मीटर पायी उतरावे लागतात.