कळसूबाई आणि माझे नवे बूट

आज पहाटे बारी गावातून कळसूबाईला निघालो. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. पायात नवेकोरे ट्रेकिंगचे बूट, हातात काठी, थाट तर काय विचारू नका! शिडीपाशी धापा टाकत बसलो, तेवढ्यात शेजारून एक आजी वर गेल्या. डोक्यावर पाण्याची कळशी, पायात झिजलेली स्लिपर.

"बसू नका दादा, बसलं की पाय जड होत्यात. हळू चाला, पण चाला."

गुपचूप उठलो. माथ्यावर वारा भन्नाट, खाली भंडारदऱ्याचं पाणी लख्ख. उतरताना आजींच्याच टपरीवर लिंबू सरबत घेतलं. वीसचं सरबत, पन्नासची नोट. "राहू द्या" म्हटलं, तर पदराची गाठ सोडून तीस रुपये मोजून हातावर ठेवले.

बूट मात्र जाम चावलेत. उद्या ऑफिसला चप्पलच!