रोबो, परत ये

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या शाळेला खळीचा वास यायचा. शिपाईमामा मधल्या सुट्टीत स्टोव्हवर मोठ्या पातेल्यात मैदा शिजवायचे, आणि चित्रकलेच्या सरांच्या वर्गात पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं, गणपतीच्या मखरातून उरलेली चमकी असा ढीग पडलेला असायचा. तासांची शिस्त सैल व्हायची. एका वर्गात लेझीम, दुसऱ्यात कोळीनृत्य, जिन्याखाली कुणीतरी एकटंच नाट्यछटा पाठ करतंय. आमची शाळा डोंबिवलीची, मराठी माध्यमाची, पटांगण लहान आणि पोरं भरपूर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच पटांगणात मांडव पडायचा, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, आणि कठड्यांवर शेजारच्या इमारतींतली माणसं. तिकीट नसलेला हा प्रेक्षक मला फार प्रिय. आवडलं तर शिट्ट्या, नाही आवडलं तर सरळ घरात जाऊन कुकर लावणार.

आनंदमेळावा, क्रीडादिन, बक्षीससमारंभ, पाहुण्यांची भाषणं हे सगळं सगळ्याच शाळांत असतं. मला सांगायचंय ते आमच्या सातवीच्या गॅदरिंगबद्दल, कारण त्या वर्षी आम्ही ‘जायंट रोबो’ बसवलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनवर ही जपानी मालिका लागायची. इंग्रजीत डब केलेली. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे संवादातले चार शब्द कळले तर कळले. पण गोष्ट कळायला शब्द लागतच नव्हते. अंतराळातून आलेला सम्राट गिलोटिन समुद्राच्या तळाशी यान दडवून बसलाय, त्याच्या टोळीने एका शास्त्रज्ञाला पकडून अजस्र रोबो बांधून घेतलाय. जॉनी सोको नावाचा लहान मुलगा आणि पृथ्वीचं रक्षण करणाऱ्या युनिकॉर्न या गुप्त संघटनेचा जेरी तिथे अडकतात. रोबोला हुकूम देण्याच्या मनगटी घड्याळात पहिला आवाज ज्याचा जाईल तोच त्याचा मालक, आणि तो आवाज पडतो जॉनीचा. मग अणुस्फोट होतो आणि त्या ऊर्जेने रोबो जिवंत होतो. त्यानंतर तो जगात फक्त त्या एका पोराचं ऐकतो. जॉनी युनिकॉर्नचा हेर होतो, सांकेतिक नाव यू-सेव्हन; जेरी असतो यू-थ्री.

आमच्या चाळीत तेव्हा दोनच टीव्ही, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचे. रोबोची वेळ झाली की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात चपलांचा खच पडायचा. पुढे पोरं, मागे उभ्या बायका, खिडकीला बाहेरून लटकलेले दोघेतिघे. एकजण गच्चीवर अँटिना धरून. ‘आलं का?’ ‘आलं, आलं, आता हलू नकोस!’ त्या बिचाऱ्याने अर्धे भाग नुसते ऐकले.

आमच्याकडे बघायची रीत होती बोलत बोलत बघण्याची. राक्षस समुद्रातून वर आला की धाकटी पोरं आईच्या पदरात. रोबोने हात पुढे करून बोटांतून क्षेपणास्त्रं सोडली की आम्ही सगळे तोंडाने आवाज काढायचो. गिलोटिनचा चंदेरी तोंडाचा साथीदार डॉक्टर बोटॅनस दिसला की काकू म्हणायच्या, ‘आला बघा मुडदा.’ आणि माझी आजी. आजीला रोबोचं काहीच वाटत नसे. तिचा जीव जॉनीत. ‘अगं, त्या पोराला आईबाप नाहीत का? एवढ्याशा हातात बंदूक कसली देता? जेवला का तो?’ जॉनी पकडला गेला की ती उठून आत जायची आणि थोड्या वेळाने दारातून विचारायची, ‘सुटला का?’ आज मला वाटतं, त्या खोलीत मालिका सगळ्यात खरी तीच बघत होती.

सातवीत वर्गशिक्षिका बाईंनी विचारलं, या वर्षी काय करायचं? अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. बाईंनी दोन दिवस मागितले, मग म्हणाल्या, ‘करा. पण मराठीतून. आणि शेवट नीट करा.’ जॉनीसाठी सहा मुलगे उभे राहिले. बाईंनी सगळ्यांना पटांगणाच्या एका टोकाला नेलं, स्वतः दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘रोबोला हाक मारा. जॉनी म्हणजे आवाज.’ मुलांचे आवाज वडाच्या झाडापर्यंत पोचून विरले. मी रांगेत नव्हते, नुसती बघत होते. बाईंनी मला बोलावलं. माझ्या हाकेने शाळेबाहेरच्या रिक्षावाल्यानेही वळून बघितलं. अशी मी जॉनी झाले. केस टोपीत कोंबले, दादाची हाफपँट, आणि मनगटावर बाबांचं बंद पडलेलं घड्याळ.

रोबो झाला तो वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. फारसा बोलायचा नाही, शेवटच्या बाकावर बसायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या दिवसानंतर कुणी त्याला त्या नावाने हाक मारलेली नाही. तो आजही आम्हा सगळ्यांसाठी रोबो आहे.

पोशाखाच्या वेळी रंगावरून भांडण झालं. ब्लॅक अँड व्हाइटवर रोबो करडा. पण काकूंच्या टीव्हीला पुढे निळी काच लावलेली, म्हणून आमच्या चाळीतल्या पोरांचा रोबो निळा. एकाच्या घरी वरून निळा, मधे तांबडा, खाली हिरवा असा प्लास्टिकचा पडदा होता, त्याच्या मते रोबोचे पाय हिरवे. शेवटी स्टेशनजवळ राहणाऱ्या एका मुलीच्या मामांकडे रंगीत टीव्ही निघाला. ती पुढचा भाग बघून आली आणि तिने निकाल दिला: निळसर करडा. सरांनी पांढऱ्यात काळा आणि चिमूटभर नीळ कालवून तो रंग काढला.

डोकं किराणा दुकानातल्या साबणाच्या खोक्याचं. इजिप्तच्या जुन्या राजांसारखा तो शिरोवेष्टणाचा आकार येण्यासाठी सरांनी खोक्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे सात थर चढवले, एक थर वाळला की दुसरा. थंडीचे दिवस, वाळायला वेळ लागायचा, म्हणून शिपाईमामा ते डोकं उन्हाच्या कवडशामागे व्हरांड्यातून सरकवत न्यायचे. डोळ्यांच्या जागी बोटभर फट. बोटांसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या, प्रत्येक नळीत रबरबँड आणि खडूचा तुकडा. अंगठ्याने आतला दोरा ओढला की खडू सुटायचा. दहा बोटं, दहा खडू. दुसऱ्या रंगीत तालमीत एक खडू थेट हार्मोनियमवर जाऊन आदळला आणि पेटीवाले सर टाळ्या वाजवत उठले.

गॅदरिंगच्या संध्याकाळी आमचा क्रमांक शेवटून दुसरा. तोवर लहान मुलं पेंगतात, पाहुणे घड्याळ बघतात. पडदा उघडला, मी अणुस्फोटाच्या प्रसंगाला (तो म्हणजे तीन विजेऱ्या आणि ढोलाचा दणका) घड्याळात ओरडले, ‘रोबो, ऊठ!’ आणि मागच्या काळ्या कापडातून ते डोकं हळूहळू वर आलं. पटांगणातून जो आवाज आला तो मी आजवर कुठल्या नाट्यगृहात ऐकलेला नाही. ती टाळी नव्हती. ‘हा!’ असा एकच लांब श्वास होता. कठड्यांवरच्या माणसांसकट.

मग सगळं पटांगण आमचं झालं. गिलोटिन आला की ‘हुर्यो’. मी ‘रोबो, हल्ला!’ म्हटलं की सतरंजीवरची दोनशे पोरं माझ्याबरोबर ‘हल्ला!’ एक खडू प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलला, खिशात ठेवला, आणि नंतर भाषणाला उभे राहिले तेव्हा तोच हातात धरून म्हणाले की आयुष्यात मिळालेलं हे पहिलं क्षेपणास्त्र मी घरी नेणार आहे. आजी मागच्या खुर्चीत होती. मी पकडली गेले तेव्हा तिचा आवाज मला स्टेजवर ऐकू आला, ‘सोडा रे तिला!’ टीव्हीसमोर जॉनीसाठी उठून जाणारी आजी त्या दिवशी जागची हलली नाही.

शेवट आम्ही मालिकेचाच ठेवला होता. गिलोटिन स्वतः अवाढव्य होऊन पृथ्वीसमोर उभा राहतो. त्याचं अंग म्हणजेच अणुऊर्जा, त्याच्यावर गोळी झाडली तर सगळं जग जाईल. जॉनी काहीच करू शकत नाही. तेव्हा रोबो कुणाच्याही आज्ञेशिवाय हलतो. गिलोटिनला मिठीत पकडतो आणि आकाशात झेपावतो. जॉनी खालून हाका मारतो, परत ये म्हणतो. जो रोबो त्याचा प्रत्येक शब्द ऐकत आला, तो हा एक शब्द ऐकत नाही. वर उल्केवर जाऊन आदळतो. चाळीत हा भाग संपला तेव्हा काकूंच्या खोलीत कुणी उठलं नव्हतं. शटर ओढायचंही सुचलं नाही कुणाला.

स्टेजवर रोबोने गिलोटिनला कवेत घेतलं आणि मागच्या बाकांच्या पायऱ्या चढून काळ्या कापडाआड गेला. मला तीनदा हाक मारायची होती, मग अंधार, मग पडदा. पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरीला माझ्याआधी पहिलीतल्या एका पोराने ओरडून घेतलं, ‘रोबो, परत ये!’ मग त्याच्या शेजारच्याने. मग सतरंजी, मग खुर्च्या, मग वरचे कठडे. आया ओरडत होत्या. लोकलमधून थेट मांडवात आलेले, खांद्याला ऑफिसची पिशवी असलेले बाप ओरडत होते. दिवे गेले तरी आवाज थांबेना. अंधारात पाच-सहाशे माणसं एका पुठ्ठ्याच्या रोबोला परत बोलावत होती, आणि पुढची लहान मुलं खरंखुरं रडत होती.

मागे सर घाबरले. रोबोला म्हणाले, ‘जा रे बाहेर, एकदा हात हलव. पोरं रडतायत.’ तो खोकं काढून बसला होता. केस घामाने चिकटलेले, गालावर निळसर करडा रंग उतरलेला. त्याने मान हलवली. ‘सर, तो परत येत नाही.’ सरांनी पुन्हा सांगितलं. तो तेच म्हणाला. बाई तिथेच होत्या. त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला आणि पडदा ओढायला सांगितला.

त्याचं बरोबर होतं, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. त्या मुलांना त्या संध्याकाळी एक मोठी गोष्ट पूर्ण मिळाली. हात हलवला असता तर ती अर्धीच राहिली असती.

पुढची तीन वर्षं प्रत्येक गॅदरिंगला लहान वर्ग रोबो मागायचे. आम्ही पुन्हा केलं नाही. डोकं चित्रकलेच्या कपाटावर होतं, एका पावसाळ्यात गळतीने विरघळलं.

आता आमची बॅच दर जानेवारीत एका रविवारी भेटते. कुणी ठाण्याहून, कुणी नाशिकहून, पोराबाळांसकट. मागे एकदा एकाने मालिका मिळवून आणली आणि भिंतीवर चादर लावून शेवटचा भाग दाखवला. आधी त्याने थोडी माहिती सांगितली. मूळ जपानी मालिका २६ भागांची, तोएई कंपनीची, ११ ऑक्टोबर १९६७ ते १ एप्रिल १९६८ या काळात तिकडच्या एनईटी वाहिनीवर लागलेली. आपला जॉनी तिकडे दाईसाकू कुसामा. गोष्ट मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराची, जन्म कोबेचा, १९३४ चा. त्याच्या आधीच्या ‘तेत्सुजिन २८’मधला रोबो ज्याच्या हाती नियंत्रक त्याचा, सज्जन असो की चोर. या रोबोला मात्र त्याने एका मुलाच्या आवाजाशी बांधलं. हे ऐकताना माझ्या मनात आलं ते वेगळंच. हिरोशिमा-नागासाकीनंतर जेमतेम बावीस वर्षांनी त्या देशातल्या मुलांना ही गोष्ट सांगितली गेली: अणुस्फोटातून जन्मलेलं एक यंत्र, आणि अणूचा धोका पृथ्वीपासून दूर नेऊन संपणारं तेच यंत्र. चाळीत बसून आम्हाला हे कळलं नव्हतं, तरी घशात काहीतरी अडकलं होतंच.

चादरीवर रोबो उडाला. रंग निळसर करडाच होता. जॉनी हाका मारू लागला आणि आमच्यातली कुणीतरी आधी हळूच म्हणाली, मग सगळेच, पन्नाशी ओलांडलेली माणसं, मोठ्याने, ‘रोबो, परत ये!’ आमची मुलं वळून आमच्याकडे बघत राहिली. एकाची सहा वर्षांची नात उठली आणि चादरीला हात लावून उभी राहिली.

आमचा रोबो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. तो ओरडला नाही. घडी घातलेला रुमाल त्याने माझ्यापुढे धरला, आणि मी डोळे पुसून परत दिला तेव्हा त्याने तो स्वतःच्या डोळ्यांना लावला.