जड उतरलेलं विमान

शंभर तास उडाल्यानंतरच्या तपासणीला विमान हँगरमध्ये आलं की मी इंजिनाला हात लावण्याआधी पोटाखाली आडवा होतो. मुख्य चाकांचे पाय सांगाड्यात शिरतात, तिथले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, बॅटरीच्या उजेडात एकेक करून बघतो. रिव्हेट घट्ट असेल तर त्याच्या डोक्याभोवतीचा रंग स्वच्छ असतो. सैल झाला की तो आणि पत्रा एकमेकांवर घासतात, ॲल्युमिनियमची बारीक काळपट भुकटी सुटते आणि हवेच्या झोताबरोबर मागे ओढली जाऊन तिची रेघ उमटते. त्या दिवशी फ्लाइंग क्लबच्या छोट्या सेस्ना 172 एस विमानाच्या डाव्या पायाशी अशा रेघांची ओळच होती.

मग पुढचं कव्हर काढलं. या विमानाच्या नाकाचं चाक फायरवॉलच्या खालच्या भागाला धरलेलं असतं. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली धातूची भिंत. तिच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि सुरकुती लागली. नजरेला सहज दिसणार नाही, पण बोटाला चुकणार नाही अशी. हे विमान केव्हातरी जोरात आदळलं होतं. लॉगबुक उघडलं. जड उतरणीची एकही नोंद नाही. मागच्या कित्येक पानांवर फक्त तास, सही, ‘दोष नाही’.

जास्त वजन भरून उडवलं असेल का, अशी शंका आली आणि त्याच दिवशी ठरवलं की हे विमान मी वजनकाट्यावर घेणार. माझ्या कामातला हा भाग मला मनापासून आवडतो, आणि तो धड न करणाऱ्यांचा तितकाच राग येतो. विमान धुऊन कोरडं करायचं. हँगरची दारं बंद, कारण वाऱ्याची झुळूकही पंखांखाली शिरून काट्याला फसवते. इंधन काढून टाकायचं, टायरमध्ये ठरलेला दाब, सीट पुढे सरकवलेल्या, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) वर. तीन चाकांखाली तीन काटे. शेपटीच्या बाजूला लेव्हल लावायची आणि तिचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत नाकाच्या टायरमधली हवा थोडी थोडी सोडत राहायचं. चाकांना लावलेल्या अडसरांचं वजन शेवटी वजा करायचं. हे सगळं व्हायला अर्धा दिवस जातो, म्हणून बरेच जण करत नाहीत. नवा रेडिओ बसवला, कागदावर दोन किलो मिळवले. जुना काढला, दीड वजा केले. वर्षानुवर्षं अशी बेरीज-वजाबाकी चालते. रंगाचे थर, कोपऱ्यात राहून गेलेल्या वायरी, नवं कार्पेट यांचा त्यात पत्ता नसतो. ही आमच्याच लोकांची ढिलाई आहे, पायलटांची नव्हे.

कागदावर रिकामं वजन 752 किलो होतं. काट्यावर भरलं 775.

या विमानाची कमाल मर्यादा 1157 किलो. टाक्या भरल्या की वापरता येणारं इंधन साधारण 200 लिटर, म्हणजे 144 किलो. राहिले 238. सीट मात्र चार! चार धडधाकट माणसं, प्रत्येकाची एक हलकी बॅग, सरासरी 85 किलो धरले तर 340 होतात. म्हणजे मर्यादेच्या 102 किलो वर. जुना, चुकीचा कागद खरा मानला तरी 79 किलो वर. इंधनाची वही आणि प्रवाशांची वही शेजारी ठेवली, तर पूर्ण टाक्या आणि चार नावं एकत्र असलेली तीन उड्डाणं सापडली. तिन्ही तासा-दोन तासांची. दोन तासांत साधारण 50 किलो इंधन जळतं, म्हणजे उतरतानाही विमान मर्यादेच्या वरच.

या तीनपैकी दोन उड्डाणं क्लबातल्या एका ज्येष्ठ पायलटची. त्यांचा अनुभव दांडगा आहे, मी त्यांना मानतो. ते आले, सुरकुतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अहो, उडालं ना व्यवस्थित? आकड्यांत मार्जिन ठेवलेलंच असतं.”

मार्जिन असतं, खरंय. कसरतींसाठी नसलेल्या, नॉर्मल गटातल्या अशा विमानाचा सांगाडा 3.8 जीचा, म्हणजे वजनाच्या 3.8 पट भार झेलेल असा घडवतात आणि त्यावर दीडपट ताकद राखीव ठेवतात. पण ती राखीव ताकद अचानक आलेल्या झोताची, जुन्या होत चाललेल्या धातूची, पायलटच्या एखाद्या चुकीची आहे. तिच्यावर बॅगांचा हक्क नाही. शिवाय ती फक्त सांगाड्याची झाली, इंजिनाकडे असं काही साठवून ठेवलेलं नसतं. वजन 10 टक्क्यांनी वाढलं की टेक-ऑफचं अंतर 20 टक्क्यांच्या आसपास वाढतं. हवा दहा अंशांनी तापली की आणखी 10 टक्के, आणि हे वाढे एकमेकांत गुणले जातात. जमिनीलगत हवेचा आधार जास्त मिळतो, त्यामुळे जड विमानही धावपट्टीवरून उचललं जातं, पण तो आधार संपला की चढेनासं होतं. त्याच 10 टक्के वजनाने स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, 5 टक्क्यांनी वर सरकतो. उतरताना तेवढाच वेग जास्त ठेवावा लागतो, म्हणजे जिरवायची ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढते. ती जिरवणार कोण? तेच पाय, तेच रिव्हेट, तीच फायरवॉल.

“त्यातून काही झालं का पण?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना 8 जानेवारी 2003 ची, अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरची गोष्ट सांगितली. एअर मिडवेस्टचं बीच 1900 डी. एका रात्री देखभालीत एलिव्हेटरची केबल चुकीची जुळवली गेली, शेपटीकडच्या त्या पट्टीला नाक खाली आणायला पुरेशी हालचाल उरली नाही. तरी त्यानंतर विमानाने बऱ्याच फेऱ्या बिनबोभाट केल्या. मग एका फेरीला ते मर्यादेपेक्षा जड भरलं गेलं, गुरुत्वमध्यही, म्हणजे सगळ्या वजनाच्या तोलाचा बिंदूही, मागच्या मर्यादेबाहेर गेला. कागदावर सगळं नियमात होतं, कारण प्रवाशांचं वजन सरासरी धरलं होतं आणि खरी माणसं त्याहून जड होती. टेक-ऑफनंतर नाक वर गेलं ते खाली आणता आलं नाही. 21 माणसं गेली. त्यानंतर ते सरासरी आकडे वाढवले गेले. त्या आधीच्या प्रत्येक फेरीनंतर कुणीही म्हणू शकलं असतं, उडालं ना व्यवस्थित.

माझ्या डोक्यातून जात नाही ते हेच. जास्त वजन भरणारा माणूस बहुतेक वेळा सुखरूप उतरतो, घरी जातो आणि विसरतो. पत्रा विसरत नाही. त्याचा जाब पुढे कुणाला तरी द्यावा लागतो, जो नियमात वजन भरून, सगळं मोजून, निर्धास्तपणे त्याच विमानात बसतो. त्या तीन उड्डाणांनंतर हे विमान विद्यार्थ्यांनी उडवलं होतं. त्यातली एक मुलगी काट्यांपाशीच उभी होती, आदल्या आठवड्यात ती याच विमानातून एकटी उडाली होती. माझा कागद वाचून तिने विचारलं, “सर, मी दर वेळी वजनाचं गणित करायचे ते चुकीच्या आकड्यावर?” गणित तुझं बरोबर होतं, आकडा आम्ही चुकीचा दिला, हे मी तिला सांगितलं. सुरकुतीबद्दल तिने काही विचारलं नाही. मीच तिचा हात धरून त्या कोपऱ्यावरून फिरवला, कारण उड्डाणाआधीच्या पाहणीत ही जागा कव्हरआड असते आणि तिला ती कधीच दिसली नसती.

या विमानाचा गुरुत्वमध्य काढताना सगळी अंतरं मोजायची ती फायरवॉलच्या पुढच्या बाजूपासून. मोजणीचा शून्यच तिथे आहे. नेमका तोच पत्रा आम्ही कापून बदलला. सैल रिव्हेट काढले, भोकं वाढवून एक माप मोठे घातले, पायांच्या आधारांची तडांसाठी तपासणी केली. मग विमान पुन्हा काट्यावर.

ज्येष्ठांचा आग्रह होता की लॉगबुकात ‘नियमित दुरुस्ती’ एवढंच लिहावं, विमानाची किंमत पडते, क्लबचं नाव जातं. मी लिहिलं: जड उतरणीची लक्षणं, तारीख अज्ञात, नोंद आढळली नाही. तीन उड्डाणांचे दिवस टिपून क्लबच्या समितीला दिले. ते विमान जोरात कुणी टेकवलं हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. कदाचित त्या माणसाला तेव्हा ते जाणवलंही नसेल, आणि मला जास्त भीती याचीच वाटते. ज्येष्ठ हल्ली हँगरमध्ये येत नाहीत. नोंद मी बदललेली नाही.