झेरॉक्सवाल्याचा डाउनलोड फोल्डर
आज कोर्टाबाहेरच्या दुकानात एका पक्षकाराच्या प्रतिज्ञापत्राची प्रिंट काढायला गेले होते. स्क्रीनवर फोल्डर उघडाच. घटस्फोटाच्या याचिका, आधार कार्डं, पोटगीच्या केसमधल्या सॅलरी स्लिपा, सगळं रांगेतल्या कुणालाही वाचता येईल असं. व्हॉट्सॲपही दिवसभर चालूच!

पक्षकार आपल्याला वकील म्हणून सांगतो ते गुपित राखायला कायदा बांधतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमात १३२ आहे. कलम पाठ असतं हो सगळ्यांचं.

२०१६ मध्ये पनामाच्या मोसॅक फोन्सेका या लॉ फर्ममधून एक कोटी पंधरा लाख कागदपत्रं फुटली आणि २०१८ मध्ये फर्मच बंद पडली. आपल्याकडे तर फोडायची गरजच नाही, आपणच नेऊन देतो.

सरांना म्हटलं, ऑफिसात प्रिंटर घेऊ या. "शाई महाग पडते गं," म्हणाले. उद्या परत विचारणार आहे. तोवर पासवर्ड घातलेली पीडीएफच न्यायची आणि प्रिंट निघाली की समोर उभं राहून फाइल डिलीट करायला लावायची, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.