तुम्ही विचारलंत म्हणून: नाव टाकलं की सापडतं ना?

"सगळं ऑनलाइन आहे, नाव टाकलं की येतं, मग तुम्हाला एवढे महिने का लागतात? आणि सापडलं की लगेच फॉरवर्ड का नाही करत?" लग्नात विचारतात, मशिदीत (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो) प्रार्थना संपली की विचारतात, अनोळखी माणसं मेसेज करून विचारतात. इथून इस्रायलला गेलेली आपली बेने इस्रायल, म्हणजे इथली मराठी ज्यू माणसं तिथल्या लढायांत गेली, त्यांच्या नोंदी मी इथल्या घरच्यांसाठी शोधते, त्याबद्दल हे प्रश्न. म्हणून एकदाच लिहिते.

हो, इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाची 'इझकोर' साइट आहे, लढाईत कामी आलेल्यांची पानं तिथे आहेत. पण ती हिब्रूत, आणि आपण सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) वाचतो त्यात अक्षरांना स्वरांच्या खुणा असतात, इथे नसतात. पेणकर लिहिलं तर पहिल्या अक्षराचा प वाचायचा की फ? दिवेकरांचा व कोणी 'वाव' या एका हिब्रू अक्षराने लिहितो, कोणी दोन वावने, कोणी चक्क 'बेत' या दुसऱ्याच अक्षराने, आणि सर्चला हे तीन वेगळे माणूस. त्यात कित्येक घरांनी 'कर' इथेच सोडलं, एक भाऊ गावाच्या नावाने नोंदला गेला, दुसरा आजोबांच्या, आणि इथला सॅमसन मोझेस तिकडे शिमशोन मोशे झाला. म्हणून मी आईचं नाव मागते, कारण पानावर आईबापांची नावं असतात. तर भाचे म्हणतात आजीला सगळे बाईच म्हणायचे, कागदावरचं नाव कुणाला माहीत.

तारखेचंही तसंच. हिब्रू साल अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि वरचे पाच हजार गाळतात. ताव, शिन, लामेद, दालेत म्हणजे ७३४, त्यात १२४० मिळवले की १९७४ येतं. पण तिश्री हा वर्षारंभाचा महिना, तेव्हा इंग्रजी साल अजून १९७३ च असतं. योम किप्पूरचं युद्ध सुरू झालं तो १० तिश्री म्हणजे ६ ऑक्टोबर १९७३. हा हिशोब चुकला की बरोबर पान समोर असूनही लोक "हा आमचा नव्हे" म्हणून पुढे जातात. आणि चुकीच्या माणसाचं पान घरी नेऊन दिलं तर? कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, त्या तारखेला म्हणतात हो.

आता फॉरवर्डचं.

ठाण्याच्या एक मावशी, नात्यातल्या नाहीत पण मावशीच म्हणते. त्यांचा भाऊ आईवडिलांबरोबर साठच्या दशकात इस्रायलला गेला, मावशींचं लग्न झालेलं म्हणून त्या इथेच राहिल्या. १९७३ मध्ये तो युद्धात गेला एवढं पत्राने कळलं, बाकी काही नाही. पान सापडलं तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून वाचत होते, एक ओळ हिब्रू, लगेच मराठी. जन्म मुंबई, आईबापांची नावं, शाळा, तुकडी, त्या प्रत्येक ओळीला हुंकार देत होत्या, शाळेचं ऐकून हसल्यासुद्धा. मग शेवटी अशा पानांवर येते ती ओळ, मागे कोण कोण राहिलं. आईवडील, एक भाऊ आणि दोन बहिणी.

मावशी म्हणाल्या, "बहिणी आम्ही तिघी."

मी परत वाचलं. दोनच होत्या. त्या म्हणाल्या परत वाच, मी तिसऱ्यांदा वाचलं. मी म्हटलं मावशी, तिथल्या घरात ज्या होत्या तेवढ्याच लिहिल्या असतील, कुणी मुद्दाम नाही केलं. त्यांनी गॅस बंद केला आणि विचारलं, "आईने सांगितलं असेल का दोन?" याला मी काय उत्तर देणार? आई केव्हाच गेलेली.

आधी मी ठामपणे म्हणायचे की आहे ते जसंच्या तसं वाचायचं, आपण कोण गाळणारे. आजही मला वाटतं ती ओळ गाळली असती तर ते खोटं झालं असतं. पण ही गोष्ट ऐकून माझी मुलगी म्हणाली, "दोन शब्दांनी कुणाचं काय बिघडलं असतं?" आणि मला तिला खोडून काढता आलं नाही. अजून येत नाही. त्या पानात दुरुस्ती मागावी का असंही मावशींना विचारलं, त्या नको म्हणाल्या, का ते सांगितलं नाही.

तर म्हणून मी फॉरवर्ड करत नाही. आधी फोन करते, घरात कोण कोण आहे विचारते, जमलं तर जाते. वेळ लागतो, लागू दे. युद्ध बरोबर की चूक हा वाद माझ्याशी घालायचा असेल तर वेगळा घालू, इथे एका घराला आपल्या माणसाची तारीख हवी आहे.

नाव पाठवणार असाल तर आईचं कागदावरचं नाव शोधून पाठवा, आणि जे इथे राहिले त्यांचीही नावं लिहा.