एवढं हळू काहून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली या प्रश्नावर मी नुसता हसून मोकळा होतो. माझा पहिला अल्बम येऊन आठ महिने झाले. नागपुरात धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, मामेबहिणीच्या साखरपुड्यात, सगळीकडे एकच: "भाऊ, टेक्नो म्हणता ना? मग एवढं हळू काहून?" बाबांनी पहिला ट्रॅक मान तिरपी करून चार मिनिटं ऐकला आणि विचारलं, "हे सुरू कधी होते?"

माझ्याकडे तयार उत्तरं आहेत. एक बेल्जियमचं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या डीजेंनी मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड ३३वर लावली, पिच म्हणजे वेगाचा खटका आठ टक्के वर सरकवला आणि त्या जड चालीतून 'न्यू बीट' उभं राहिलं. म्हणजे हळू वाजवणं ही काही माझी एकट्याची खोडी नाही. हे ऐकलं की समोरचा गप्प होतो. खरं सांगायचं तर हे मलाच अल्बम अर्धा झाल्यावर कळलं.

दुसरं उत्तर गणिताचं. १४० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १४० ठोके असले तर, दोन ठोक्यांमध्ये ४२९ मिलिसेकंद मिळतात, ९२ला ६५२. त्या जास्तीच्या जागेत किकची, म्हणजे त्या जाड ठोक्याची, शेपटी पुरती विरते, डिलेचे पडसाद एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, फिल्टर उघडत असताना तो उघडतोय हे कानाला कळतं. आवाज बदलतोय की आपण, हे कळेनासं झालं की ते सायकेडेलिक. आणि घाईत ते होत नाही. हे मी मनापासून मानतो. पण इंजिनीअरिंगला असताना मीच १४५च्या खालचं काही ऐकत नव्हतो. हॉस्टेलवर कोणी हळू काही लावलं की म्हणायचो, "बंद कर बे, झोप येऊन राहिली." आणि तंद्री तेव्हाही लागायचीच, १४५ला, चांगली तास तास. त्या पोरासमोर माझे मिलिसेकंद टिकत नाहीत.

तिसरं उत्तर कूलरचं. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, दारं बंद, खसाचा वास आणि दुपारभर ती घरघर. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे उत्तर फार आवडतं. कूलरचं रेकॉर्डिंग तिसऱ्या ट्रॅकमध्ये आहे, नाकारत नाही. पण कूलर काय, सगळ्यांच्याच घरी असतो.

आता हिंगणा रोडचं सांगतो.

डिसेंबरातली पार्टी, फार्महाउस, पंचेचाळीस मिनिटांचा स्लॉट. आम्ही दोघं होतो. जोडीदाराचं नाव सांगत नाही, त्याला चालणार नाही. महालातल्या त्याच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही दोन वर्षं हे ट्रॅक घासले होते. बेस सगळा त्याचा. सुरुवात ९२ला केली. लोक सावजीच्या प्लेटा घेऊन उभे. दोघातिघांचे खांदे हलत होते, बाकीचे तर्रीत गुंतलेले. बाराव्या मिनिटाला आयोजक वर आला. "भाऊ, पब्लिक बोर होऊन राहिली." आमच्या दोघांच्या मधून हात घातला, प्लेअरची वेगाची रेंज वाइडला टाकली आणि फेडर ढकलला. ९२चं थेट १२६. वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं की-लॉक बंद होतं, त्यामुळे सूरही पाचेक अर्धस्वर वर चढले; कूलरचा डास झाला.

आणि लोक नाचले. खोटं कशाला बोलू? प्लेटा टाकून धावत आले. एक काका तर स्वेटर काढून डोक्यावर फिरवायला लागले. मला हसू आलं. मी हात वर केला. पुढचे सगळे ट्रॅक १२६लाच वाजवले, आणि ते मी वाजवले, आयोजक तेव्हा जेवायला गेला होता. जोडीदार मागे उभा राहून केबल गुंडाळत होता. गुंडाळायला एकही केबल मोकळी नव्हती.

परत येताना गाडीवर एक शब्द नाही. त्याच्या फाटकापाशी उतरल्यावर म्हणाला, "त्यानं वाढवलं ते ठीक. तू खाली काहून नाही आणलं?"

"लोकं नाचत होते ना बे."

"हो. दिसलं मले."

मग कधी त्याला काम, कधी घरी पाहुणे. मार्चमध्ये शेजारच्या पोराच्या हाती माझा कीबोर्ड परत आला, नीट चादरीत गुंडाळून.

अल्बम मी एकट्यानं पुरा केला. आठ ट्रॅक, ८८ ते ९४. बेस त्याचाच आहे, श्रेयात नाव घालू का विचारलं तेव्हा "नको" एवढाच मेसेज आला. मध्ये एकजण म्हणाला, ही जिद्द आहे, संगीत नाही. त्याच्याशी मी तासभर भांडलो, ६५२ मिलिसेकंद, बेल्जियम, सगळं काढलं. घरी येऊन पुन्हा ऐकलं. पाचव्या ट्रॅकला ९२ची खरंच गरज नव्हती. सातव्याला होती. बाकीच्यांचं अजून ठरत नाही. नाचायचं कसं, हेही विचारता तुम्ही. ते मलाही जमत नाही.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. सकाळी अंबाझरीला फिरायला जातो तेव्हा कानात तेच असतं. १२६ला पाय बरे पडतात.