आमची वाटचाल: वाळवण्याचा धंदा

आमच्या दुकानाच्या बोर्डावर तीन ओळी आहेत. पहिली, मोटार वाइंडिंग. दुसरी, पंप भाड्याने मिळतील. तिसरी मी नंतर रंगवून घेतली: पुराचे व गळतीचे पाणी काढून घर-दुकान कोरडे करून मिळेल. पेंटर शिडीवरूनच म्हणाला, "वहिनी, हा काय धंदा झाला? पाणी आपोआप सुकतं की." आजही निम्मी गिऱ्हाइकं याच समजुतीत फोन करतात, म्हणून आमचा धंदा चालतो.

आम्ही चिपळूणचे. वाशिष्ठी गावाला वळसा घालून जाते, शिवनदी गावाच्या मधून येऊन तिला मिळते, आणि खाली गोवळकोटला खाडीची भरती-ओहोटी. वर कोळकेवाडी धरण, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी तिथून वाशिष्ठीत येतं. पाऊस, भरती आणि वरचं पाणी एकत्र गाठ घालतात तेव्हा बाजारपेठ नदीची होते. दोष कुणाचा, या वादात मी पडत नाही. त्यावर गावात उपोषणं झाली, बैठका झाल्या, नदीतला गाळही निघाला. माझा संबंध पाणी उतरल्यानंतरच्या गोष्टींशी.

सुरुवात 26 जुलै 2005 च्या पुरानंतरची. तोवर आमचे हे फक्त मोटारी भरायचे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचे. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर पिठाच्या गिरणीच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, मिक्सर, कूलर यांचा ढीग लागला. त्यात दोन प्रकार होते. चिखलासकट तशाच आणलेल्या मोटारी बहुतेक वाचल्या. "चालते का बघू" म्हणून ज्यांनी बटण दाबलं त्यांच्या जळलेल्या आल्या. ओल्या मोटारीला आधी स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं, कारण गाळ आत वाळला की वेटोळ्यांत सिमेंटसारखा बसतो. मग भट्टीत सुकवायची, मेगर नावाचं मीटर लावून तारेचं इन्सुलेशन बघायचं, आणि आकडा आला तरच वार्निश. यांनी विटांची एक छोटी भट्टी बांधली होती. हाताला खडखडीत कोरडी लागणारी मोटार मेगरवर नापास व्हायची, पुन्हा भट्टीत जायची. कोरडं झालं की नाही हे हाताने ठरत नाही, मीटरने ठरतं. आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे पडला. तेव्हा मी फक्त पावत्या लिहीत होते, पण बघत होते.

पूर काही दरवर्षी येत नाही. मधल्या वर्षांत आमचं पोट भरलं ते चाकरमान्यांच्या बंद फ्लॅटवर. मालक डोंबिवलीला किंवा विरारला. गणपती आटोपून जाताना नळाला पाणी नसतं, म्हणून कुणी तरी नळ उघडाच ठेवून निघतं. रात्री पाणी येतं. खालच्या मजल्याचं छत टपकायला लागतं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी फोन करतात. वरच्या घरात घोट्याएवढं पाणी, पलंगाच्या प्लायचे पापुद्रे सुटलेले, दिवाणाच्या पोटात गाद्या भिजून जड झालेल्या. असं पाणी स्वच्छ असतं, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत पोचलो तर बरंच वाचतं. त्यानंतर बुरशी धरते आणि हिशेब बदलतो.

याच कामात कळलं की कोकणात पावसाळ्यात खिडक्या उघडून पंखे लावले तर घर वाळत नाही. बाहेरच्या हवेतच नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा असतो, ती हवा आतली ओल काय घेणार? पाणी आणि गाळ बाहेर काढेपर्यंत दारं उघडी ठेवायची. नंतर मात्र खोली बंद करायची, भिंतीच्या कडेने वारा फिरेल असे जोराचे पंखे लावायचे आणि मधोमध डिह्युमिडिफायर. हवेतली वाफ तो आत थंड नळ्यांवर धरतो, पाण्याच्या रूपात बाहेर सोडतो. आमचा पहिला आम्ही लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने भंगारात काढलेला घेतला, यांनी त्याची मोटार भरली. गिऱ्हाइकाला विश्वास बसतो तो बादली बघून. बंद खोलीत, कोरड्या दिसणाऱ्या भिंतींमधून रात्रभरात बादली भरते, मग कुणी "आपोआप सुकतं" म्हणत नाही.

किती वाळवायचं? त्याला पुस्तकी आकडा लावत नाही. त्याच इमारतीत जिथे पाणी पोचलं नाही, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, तिथली भिंत आणि तिथलं लाकूड आधी ओल मोजायच्या मीटरने मोजतो. खालचं त्याच्या जवळ आलं की काम झालं. घर चिऱ्याचं असेल तर धीर लागतो. जांभा दगड छिद्राछिद्रांचा, पाणी पोटात धरून बसतो. त्याला जुना चुन्याचा गिलावा असेल तर श्वास घेतो. दोन्ही बाजूंनी सिमेंट आणि वर पुट्टी मारलेली असेल तर ओल आत कोंडते आणि महिन्यांनी पांढऱ्या क्षाराच्या रूपाने बाहेर येते.

आणि मग 22 जुलै 2021. आदल्या रात्रीपासून पाणी चढत होतं. सकाळपर्यंत पेठेतले तळमजले बुडाले, वाशिष्ठीवरच्या महामार्गाच्या जुन्या पुलाचं नुकसान झालं. वीज नाही, मोबाइल नाही. आमचं दुकानही पाण्यात होतं. पंप आणि डिह्युमिडिफायर यांनी संध्याकाळीच माळ्यावर चढवले होते, म्हणून पुढचं सगळं करता आलं.

पाणी उतरल्यावर पहिली अडचण पाण्याचीच. गाळ धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि नळ कोरडे. टँकर आले, बाहेरगावच्या पालिकांची पथकं आली, कुठून कुठून पोरं खराटे आणि फावडी घेऊन आली. त्या लोकांचे उपकार गाव विसरलेलं नाही. आमच्यासारख्या धंदेवाल्याने अशा वेळी पैसे मागावेत का, हा प्रश्न घरात जेवतानाही निघायचा. शेवटी असं ठरलं: गाळ उपसायला पैसे नाहीत, तिथे आम्हीही इतरांसारखेच चार हात. मशीन, डिझेल आणि आमच्या माणसांची मजुरी यांचा दर आधीचाच. त्या आठवड्यात पंपाचे भाव काय झाले होते हे पेठेला माहीत आहे. आम्ही चढवले असते तर कुणी अडवलं नसतं, पण पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्याने चालायचं होतं.

पुराचं पाणी आणि नळाचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुराच्या पाण्यात गटार असतं, शौचालयाच्या टाक्या असतात, डिझेल असतं, मेलेली जनावरं असतात. आमच्या माणसांना गमबूट आणि हातमोजे सक्तीचे, पायाला जखम असेल तर त्या दिवशी काम नाही, आणि आरोग्य खात्याकडून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) गोळ्या विचारून घेतल्याशिवाय चिखलात उतरायचं नाही. जनरेटर नेहमी घराबाहेर. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या फरशीवर कुणी टॉयलेटचं अॅसिड ओतलं की विषारी वायू सुटतो, हे घरोघरी ओरडून सांगावं लागलं. आणि वीज नसलेल्या घरातला फ्रिज उघडायचा नाही. दोरीने बांधून तसाच बाहेर. एकदा उघडलात की कळेल.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे काय टाकायचं ते सांगणं. कापसाच्या गाद्या, उशा, एमडीएफची कपाटं यांवर वेळ घालवायचा नाही. प्लायचं फर्निचर असेल तर मी आधी शिक्का शोधते. आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय, असेल तर प्रयत्न करतो, साधा असेल तर पाण्याने त्याचं आधीच ठरवलेलं असतं. जुना सागवान आणि फणस मात्र चिवट. सावलीत हळूहळू वाळवायचा, उन्हात ठेवला की तडकतो. फुगलेला ड्रॉवर ओढायचा नाही, मागची फळी काढून मोकळा करायचा. धान्याचं सांगताना जीभ जड होते. एका घरात वर्षाचे तांदूळ भिजले होते. आजी म्हणाल्या, "धुऊन वाळत घालते, काय होतंय?" त्यांना मी खतात टाकायला लावले. पुढे कित्येक महिने त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. दुकानांतही तेच. साड्या, भांडी, पितळ धुऊन देऊ. पण पुरात बुडालेली खाण्याची पाकिटं पुसून पुन्हा मांडायला आम्ही हात लावणार नाही. यावरून एक-दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. जाऊ देत.

त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते. पुरानंतर जेमतेम सात आठवडे. जो तो म्हणे, बाप्पा यायच्या आत भिंती रंगवून द्या. मी नाही म्हणायचे. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की आत पाणी, बाहेर कातडं. दिवाळीपर्यंत फोड येतात आणि पैसे दोनदा जातात. आमचा तोडगा जुनाच होता. पुट्टी आणि पीओपी खरवडून काढायचं, भिंत उघडी करायची आणि वर नुसता चुना. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, भिंत पांढरीशुभ्र दिसते, मखर शोभून दिसतं. रंग पुढच्या एप्रिल-मे मध्ये. पेंटर मंडळी माझ्यावर नाराज होती. ज्या घरांनी ऐकलं त्यांच्या भिंती आज बघून घ्या.

कागदांचं काम असंच अंगावर आलं. खरेदीखतं, वडिलोपार्जित जमिनीचे उतारे, पोरांची सर्टिफिकेटं, लग्नाचे अल्बम, व्यापाऱ्यांच्या वह्या. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. दोन्ही पुरांत त्याची किती ग्रंथसंपदा भिजली हे चिपळूणकराला सांगायला नको. भिजलेला कागद ताबडतोब उलगडायला गेलं तर फाटतो, ठेवून दिला तर कुजतो. त्यावर उपाय थंडीचा. कागद गोठवला की बुरशी थांबते आणि मग थोडं थोडं काढून सवडीने वाळवता येतं. मासळीच्या शीतगृहात जागा मागताना मालक हसले, पण दिली. कागदांना आजही किंचित वास येतो म्हणतात! लॅमिनेशन केलेली सर्टिफिकेटं सगळ्यात जास्त बिघडली. कडेतून पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट नाही. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर कोरडे ओढायचे नाहीत, स्वच्छ पाण्यात ठेवून सुटू द्यायचे. हे काम पुरुषांच्या हाती देत नाही. माझ्या जाऊबाई आणि शेजारच्या दोघी बघतात.

विम्याची फाइल हा आमच्या बिलातला वेगळा रकाना झाला, तोही लोकांनीच मागितला म्हणून. बऱ्याच दुकानदारांना एवढंच माहीत असतं की कर्जाच्या वेळी बँकेने विमा काढलाय. कशाचा, कितीचा, ते पूर आल्यावर कळतं. वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचा विमा असेल आणि नुकसान आठ लाखांचं झालं, तर सरासरीच्या कलमाने (विमा मालाच्या निम्म्या किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी) चारच हातात येऊ शकतात. हा धक्का पुरापेक्षा मोठा असतो. वर चार्टर्ड अकाउंटंट सांगतात की बुडालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही, सोडावी लागेल. आम्ही विम्याचे सल्लागार नाही. पण एक शिस्त पाळतो: काहीही हलवण्याआधी फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपसकट, खराब मालाचे नमुने बाजूला, विमा कंपनीला लेखी कळवल्याची प्रत. विमा कंपनीचा सर्व्हेयर येईपर्यंत चिखलात बसून राहायची गरज नसते, नुकसान वाढू न देणं हे विमेदाराचं कामच आहे. फक्त पुरावा धुऊन टाकायचा नाही.

आता आमच्याकडे कायमची माणसं थोडी आहेत, पावसाळ्यात वाढतात. थोरला मुलगा मीटर आणि मशिनं बघतो, हे अजून भट्टीपाशीच रमतात. उधारी हा जुना आजार आहे, त्यावर औषध सापडलेलं नाही. अलीकडे मे महिन्यात दुकानांना आगाऊ भेटी देणं सुरू केलंय, त्याचे वार्षिक पैसे घेतो. स्विचबोर्ड वर घ्या, इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर नको, खालच्या फळ्यांवर काच आणि स्टील ठेवा, कापड आणि कागद वर, पोटमाळ्याची शिडी गंजलीय ती बदला. यात मशिनांना काम कमी मिळतं, असं मुलगा म्हणतो. बरोबर आहे त्याचं. तरी यंदाही मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्यासोबत पेठेतून फिरणार आहे. कुणाला यादीत नाव घालायचं असेल तर दुकानात सांगून ठेवा, सकाळी अकरानंतर मी काउंटरवर असते.